किल्ली अर्धी फिरते आणि दरवाजा उघडत नाही: दोष किल्लीत आहे की दाराच्या आत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, बेस मॉडेल. सेंटर लॉक नंतर बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेलं. ऐन पावसात रिमोट बंद पडला म्हणून ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली, तर ती अर्धी फिरते आणि पुढे जातच नाही, हात सोडला की मागे येते. इग्निशनमध्ये तीच किल्ली व्यवस्थित चालते. किल्लीच्या भोकात तेल सोडून पाहिलं, फरक नाही. रिमोटचा सेल बदलल्यावर बाकीचे तीन दरवाजे उघडतात, पण ड्रायव्हरचं दार नुसतं ‘खर्र’ करतं. सध्या पलीकडच्या बाजूने आत शिरून हे दार आतून उघडता. आणि चावीवाल्याने सांगितलंय की चारही लॉकचा सेटच बदला.

सेट बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्या लॉकच्या सिलिंडरला, म्हणजे किल्ली ज्यात जाते त्या भागाला, काहीही झालेलं नाही. मी गेली सव्वीस वर्षं रत्नागिरीत गाड्यांच्या दारांचं काम करतोय: लॉक, काचा, बिजागऱ्या, हँडल. या कामात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. किल्ली चालत नाही म्हणजे लॉक गेलं, असं गिऱ्हाईकही धरून चालतं आणि बरेचदा कारागीरही. प्रत्यक्षात किल्ली ही एका लांब साखळीचं फक्त पहिलं टोक आहे. किल्ली सिलिंडर फिरवते, सिलिंडरच्या मागची पट्टी एक सळई हलवते, सळई दाराच्या कडेला असलेल्या लॅचचा (दार चौकटीला धरून ठेवणारा भाग) खटका सरकवते, आणि त्याच सळईला सेंटर लॉकची मोटर जोडलेली असते. यातलं कुठलंही अडलं तरी हाताला एकच कळतं, ‘किल्ली चालत नाही’. पण कुठे अडलंय तेही हातच सांगतो, जरा थांबून लक्ष दिलं तर.

सिलिंडरच्या आत पातळ पितळी पत्र्या असतात, एकामागोमाग एक, प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली आत नसते तेव्हा या पत्र्या थोड्या बाहेर डोकावून भोवतालच्या घरात, म्हणजे बाहेरच्या कवचात, अडकलेल्या असतात. बरोबर किल्ली गेली की तिच्या खाचांप्रमाणे सगळ्या पत्र्या एका रेषेत येतात आणि मधला गाभा फिरतो. एक जरी पत्री बाहेर राहिली तरी गाभा फिरत नाही, जागेवर जेमतेम कुचकतो. म्हणजे पत्र्यांचा दोष असेल तर किल्ली मुळातच फिरणार नाही. तुमची किल्ली अर्ध्या वाटेपर्यंत फिरते, याचा अर्थ सगळ्या पत्र्या बाजूला झाल्या आहेत, किल्ली बरोबर आहे, सिलिंडरने त्याचं काम केलंय. पुढचा अडथळा सिलिंडरच्या मागे आहे. म्हणूनच किल्लीच्या भोकात सोडलेल्या तेलाने फरक पडला नाही. जिथे दुखतंय तिथे ते पोचलंच नाही.

मागे म्हणजे नेमकं कुठे, ते दार न खोलता बऱ्यापैकी कळतं. आत बसा, दार उघडं ठेवा आणि खिडकीजवळचं लॉकचं बटण बोटांनी हळू दाबा आणि उचला. दुसऱ्या बाजूच्या दाराचं बटणही तसंच करून पाहा आणि दोन्हींची तुलना करा. ड्रायव्हर बाजूचं बटण जड लागलं, मध्येच रुतलं, तर दोष लॅचमध्ये किंवा मोटरमध्ये. बटण अगदी हलकं चाललं आणि किल्लीच तेवढी अडली, तर सिलिंडरपासून लॅचपर्यंत जाणारी सळई वाकली आहे किंवा कशाला तरी घासते आहे.

दुसरी चाचणी लॅचची. दार उघडं असतानाच त्याच्या कडेला जो लोखंडी जबडा दिसतो, तो स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने दाबून बंद करा, दार लावल्यावर होतो तसा. दोनदा ‘टक’ वाजेल. आता किल्ली फिरवा, मग बाहेरचं हँडल ओढा. इथे सगळं सुरळीत चाललं आणि दार लावल्यावरच अडत असेल, तर बिजागरी खाली बसलेली आहे किंवा दाराच्या कडेचं रबरी बीडिंग फुगलंय आणि दाराचा भार लॅचवर येतोय. हा भार मुख्यतः हँडल जड करतो, पण काही लॅचमध्ये किल्लीलाही जाणवतो. तसं असेल तर एका हाताने किंवा कमरेने दार आत दाबून धरायचं आणि मग किल्ली फिरवायची, चटकन उघडतं. एक मात्र विसरू नका. चाचणी झाली की हँडल ओढून तो जबडा परत उघडा करूनच दार लावा. बंद जबड्याने दार आपटलं तर चौकटीवरच्या कडीवर लॅच बसतो आणि त्याचा जबडा कायमचा वाकतो. मी शिकत होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा लॅच असाच घालवला होता आणि उस्तादांनी तो स्वतःच्या खिशातून भरून दिला होता. तेव्हापासून दार लावण्याआधी माझं बोट आपोआप त्या जबड्यात जातं.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज मोटरचा आहे, आणि ‘खर्र’ या एका शब्दावरून. बाहेरच्या दुकानात बसवलेल्या सेंटर लॉकमध्ये प्रत्येक दारात एक वेगळी मोटर असते, साधारण बोटभर लांबीचा काळा डबा आणि त्यातून आत-बाहेर होणारी दांडी. ती डब्यासकट पत्र्याच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी दाराच्या आत कसलेली असते आणि तिची दांडी गाडीच्या मूळ सळईला एका छोट्या जोडाने बांधलेली असते. या जोडालाही दोन बारीक स्क्रू. गाडी नवीन असताना हे छान चालतं. पण दार दिवसातून वीस-पंचवीस वेळा आपटतं, दहा-बारा वर्षांत पट्टीचा एक स्क्रू ढिला होतो, मोटर थोडी तिरकी होते आणि मग तिची दांडी सळईच्या रेषेत न राहता तिला आडवी ओढायला लागते. दुसरी शक्यता, मोटरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात तुटतात. रिमोट दाबला की मोटर जागच्या जागी फिरते, ‘खर्र’ असा आवाज येतो, आणि तुटलेला दाताचा तुकडा मध्ये अडकला तर ती दांडी कुठल्याच बाजूला हलत नाही. तुम्ही किल्ली फिरवता तेव्हा तुम्ही नुसता खटका सरकवत नसता, त्या मोटरचे गिअरही उलटे फिरवत असता. गिअर अडकले की किल्ली अर्ध्या वाटेवर थांबणार आणि सळईच्या ताणाने मागे येणार. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

आता दार उघडण्याची रीत. दाराचं आतल्या बाजूचं पॅड काढायला घाई करू नका, बहुतेक नुकसान इथेच होतं. आतल्या हँडलच्या मागे एक स्क्रू असतो, कधी छोट्या टोपणाखाली लपवलेला. हात टेकायच्या जागी खाली एक-दोन. काच वर-खाली करायला हाताने फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे घोड्याच्या नालासारखी बारीक क्लिप असते. जुनं सुती फडकं हँडल आणि पॅडच्या फटीत घालून दोन्ही टोकांनी बूट पुसतात तसं उजवीकडे-डावीकडे ओढलं की ती क्लिप फडक्यात अडकून बाहेर येते. हँडलच्या खाली हात धरा, क्लिप उडून गाडीखाली गेली की शोधत बसावं लागतं. मग पॅड खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप सोडवत काढायचं. मध्ये ओढाल तर पॅडचा पुठ्ठा फाटतो. गाडीला पॉवर विंडो किंवा दारात स्पीकर असेल तर त्यांच्या वायरी पॅड पूर्ण ओढण्याआधी सोडवा.

आत काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो ब्लेडने फाडू नका, डिंकाजवळून हळूहळू सोडवा. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत उतरतच असतं, गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं आहे. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि पॅडला लागू नये म्हणून हा कागद असतो. आपल्याकडची लाल माती ती भोकं बुजवते, मग दारात पाणी साचतं, मोटर आणि लॅच त्या दमटपणात महिनोन्महिने राहतात. दार उघडलंच आहात तर आगपेटीची काडी घालून ती भोकं मोकळी करा.

आता मोटर सापडेल. सळईवरच्या जोडाचे दोन स्क्रू ढिले करा, मोटरची दांडी सळईपासून सोडवा आणि किल्ली फिरवा. गुळगुळीत पूर्ण फिरली तर निदान झालं. मोटर सरळ बसते का पाहा, पट्टीचा स्क्रू ढिला असेल तर मोटर सळईच्या रेषेत आणून कसा. मोटर स्वतःच अडकली असेल तर बदला. ड्रायव्हरच्या दारातली मोटर बहुधा पाच वायरींची असते, बाकी दारांतल्या दोन वायरींच्या. ड्रायव्हरच्या मोटरमध्ये आत एक स्विच असतो, त्यामुळे तुम्ही किल्ली फिरवली की इतर दारंही उघडतात. दोन वायरींची बसवली तर दार चालेल, पण किल्लीने बाकीची उघडणार नाहीत. दुकानात हे आवर्जून सांगून घ्या. मोटर सोडवूनही किल्ली तिथेच अडली तर मात्र लॅच. तो जागेवरच दार उघडं ठेवून जुनी मळी काढणाऱ्या स्प्रेने धुवा, वाळू द्या, मग पांढरं ग्रीस अगदी थोडं. लॅचला ग्रीस चालतं, किल्लीच्या भोकाला चालत नाही.

हा तुमच्या गाडीचा हिशोब झाला. पण असा त्रास अनेकांना होतो आणि प्रत्येकाचा अडथळा वेगळा असतो, म्हणून इतर दोन प्रकारांबद्दलही लिहितो.

एक, किल्ली गरागरा फिरते, कसलाच विरोध नाही, दार ढिम्म. हा सगळ्यात स्वस्त दोष. सिलिंडरच्या मागची पट्टी आणि सळई यांना जोडणारी बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते किंवा निसटलेली असते. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. क्लिप काही रुपयांची, मजुरी पॅड काढण्या-बसवण्याची. क्लिपऐवजी तार गुंडाळून देणारे असतात, ती घासून सैल होते आणि सहा महिन्यांत तुम्ही परत दारात उभे.

दुसरा, किल्ली आत जाते पण अजिबात फिरत नाही. इथे खरोखर पत्र्यांकडे बघायचं. आधी घरातली दुसरी किल्ली लावा, जी कपाटात पडून असते आणि झिजलेली नसते. ती चालली तर रोजची किल्ली झिजली आहे. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढू नका, ती झीजही तशीच उतरते. दुसऱ्या किल्लीवरून काढा. नवीन गाडीबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते, ती कुठे जपून ठेवलेली असेल तर त्या नंबरवरून मूळ मापाची किल्ली कापून मिळते. आणि इमोबिलायझर असलेल्या गाडीच्या किल्लीत चिप असते, रस्त्यावर कापलेल्या साध्या किल्लीने दार उघडेल पण इंजिन चालू होणार नाही, हे माहीत असू द्या.

दोन्ही किल्ल्या अडल्या तर आत मळ किंवा गंज. मिरकरवाडा बंदराच्या बाजूच्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांचं सिलिंडर उघडलं की पितळी पत्र्यांवर हिरवट थर आणि जस्ताच्या घरावर पांढरी भुकटी दिसते. भुकटी बोटाने चोळली तर रांगोळीसारखी लागते. खारा वारा, ओला हात, मिठाचं पाणी, हे सगळं त्या बारीक भोकातून आत जातं. आणि रिमोट आल्यापासून ते भोक वर्षानुवर्षं कोणी वापरतच नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महिनोन्महिने गाड्या उभ्या राहिल्या, बॅटऱ्या उतरल्या, रिमोट चालेनात, आणि लोकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा दाराला किल्ली लावली. त्यानंतरच्या दिवसांत मी जितकी अडकलेली सिलिंडर काढली तितकी आधीच्या पाच वर्षांत काढली नसतील. रोज फिरणाऱ्या पत्र्यांवर मळ टिकत नाही.

साफ करताना खोबरेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल यांतलं काहीही घालू नका. चार दिवस छान वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसून काळा लगदा होतो. डब्ल्यूडी-40 धुण्यापुरतं चांगलं, त्याच्या नावातच पाणी हटवण्याचं काम आहे, पण ते कायमचं वंगण म्हणून सोडून देऊ नका. भोकाच्या तोंडाशी झाकणासारखी छोटी पत्री असते, ती टाचणीने दाबून स्प्रेची नळी आत घाला, दोन फवारे मारा. किल्ली घाला, काढा, सुती कपड्याला पुसा. पहिल्या काही वेळा कपड्यावर काळी किंवा हिरवी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच करा, वीस वेळा, तीस वेळा. मग अर्धा दिवस वाळू द्या आणि ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा राहणारा सिलिकॉनचा स्प्रे वापरा. पूड नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या खाचांवर दोन्ही बाजूंनी घासून किल्ली आत-बाहेर करा. ग्रॅफाइट आणि तेल एकत्र करू नका, त्याचाही लगदाच होतो.

फिरवताना किल्ली अंगठा आणि एका बोटाच्या पेरात धरा, मुठीत नाही. पूर्ण आत घालून मग केसभर मागे ओढत हलका दाब द्या, झिजलेल्या किल्लीला पत्र्यांची रेषा बरेचदा तिथे सापडते. पकड लावायची नाही, कितीही घाई असली तरी. गणपतीत रात्री-अपरात्री मुंबईहून पोचलेली माणसं फोन करतात, किल्ली आत तुटलीय म्हणून, आणि दर वेळी पकड किंवा पाना वापरलेला असतो. तुटलेला तुकडा काढणं हे किल्ली फिरवण्यापेक्षा किती तरी अवघड काम आहे.

आणखी एक. अलार्म लागलेली गाडी किल्लीने उघडली तर बऱ्याच गाड्यांत हॉर्न वाजायला लागतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. किल्ली इग्निशनला लावून ऑन करा, बंद होतो. बिनकिल्लीच्या बटणवाल्या गाड्यांतही रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली असते आणि हँडलच्या टोकाला टोपणाखाली भोक असतं. सगळं नीट चालत असतानाच एकदा ते टोपण उघडून बघून ठेवा.

किल्ली आत राहून गाडी लॉक झाली तर काचेच्या फटीतून हँगर किंवा पट्टी घालू नका. दारात वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही. या कामाचं साधन असलेल्या माणसाला बोलवा. तो तुमचं लायसन्स आणि आरसी मागेल, मागायलाच हवं. जो मागत नाही त्याच्याकडून किल्लीचं काम करून घेऊ नका.

पण आत लहान मूल अडकलं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. उन्हात बंद गाडीचं तापमान पहिल्या दहाच मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वर जातं. मूल बसलंय त्यापासून दूरच्या बाजूची दाराची काच घ्या, मधोमध नाही तर कोपऱ्यात जोराने मारा, तिथे ती लवकर फुटते आणि तिचे बारीक दाणे होतात. पुढची काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडकते पण सुटत नाही. कोणाला तरी 112 लावायला सांगा आणि तुम्ही काच फोडा. काच दुसऱ्या दिवशी बसवून मिळते.

तुमच्या कामाकडे परत. अंदाजे दोन तास धरा, पाऊस नसलेला दिवस निवडा. मोटर बसवून झाली की प्लॅस्टिकचा कागद त्याच काळ्या डिंकावर दाबून बसवा, खालची कड दाराच्या आत गेलीय ना ते बघा, नाही तर पाणी तुमच्या पायाशी उतरेल. आणि पॅडच्या क्लिपा ठोकण्याआधी, दार उघडंच ठेवून, किल्ली दहा वेळा फिरवा, रिमोट दहा वेळा दाबा, काच एकदा पूर्ण खाली नेऊन वर आणा. काच खाली जाताना मोटरच्या पट्टीला किंवा नव्या वायरीला घासत असेल तर ते आत्ताच दिसेल, आणि आत्ता ते एका स्क्रूचं काम आहे.